थंड खोलीतली चिलटं

बेलापूर
७ एप्रिल २०२५

दादा,

वाकून नमस्कार करायची सोय राहिलेली नाही. उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये आहे, तेव्हा खुर्चीतूनच हात जोडते, गोड मानून घे. फोन करून उपयोग नाही. मी इकडून घसा फोडायचा आणि तू तिकडून नुसतं "बरं, बरं" म्हणायचं, याला मी बोलणं म्हणत नाही. कानातलं यंत्र कपाटात ठेवून तू जगाशी अबोला धरलास आणि माझ्यावर या वयात पत्रं लिहायची पाळी आणलीस. सुश्रुतचा टेम्पो दर मंगळवारी अंडी घेऊन सावेडीला येतो. तोच आपला पोस्टमन.

पाय कोंबड्यांच्या शेडमध्ये घसरून मोडला. हो, आपल्याच घरच्या कोंबड्या. आपल्या आजोबांनी जन्मभर पूजा सांगितल्या आणि त्यांचा हा पणतू बँकेची नोकरी सोडून कोंबड्या पाळतो. माझा मुलगा म्हणून मी त्याला पाठीशी घालते, पण गल्लीतल्या बायका पूर्वी हळदीकुंकवाला बोलवायच्या, त्या आता अंड्यांचा भाव विचारायला येतात.

सुश्रुत सांगत होता, मामांनी एसी बसवून घेतला. तू? आयुष्यभर टेबलफॅनसुद्धा एकवर ठेवणारा? वहिनी कशी आहे ते सविस्तर लिही. पूर्वी तुझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी तिची एक ओळ असायची, ती मी तुझ्या दोन पानांआधी वाचायची. आता तिला लिहिता येत नसेल, पण हातात पेन तरी देऊन बघ.

तुझी
इंदू

*

सावेडी, नगर
१४ एप्रिल

इंदू,

खुर्चीतला नमस्कार पोचला. अंडीही पोचली. त्यातली दोन मी उकडून खाल्ली, आजोबांच्या फोटोकडे पाठ करून.

एसी चैनीसाठी घेतलेला नाही. एक प्रयोग चालू आहे. कॉलेजात मी प्राणिशास्त्राच्या मुलांसाठी केळ्यावरची चिलटं बाटल्यांत पाळायचो, ती पुन्हा पाळली आहेत. एकाच वेळी जन्मलेली चिलटं तीन ठिकाणी ठेवली: काही माळ्यावर पत्र्याखाली, काही बैठकीच्या खोलीत आणि काही एसीच्या खोलीत. खाणं सगळ्यांना सारखंच, केळं, रवा आणि गूळ. फरक फक्त उष्णतेचा. चिलटाला स्वतःची ऊब नसते. बाहेर जेवढं तापतं तेवढं ते आतून तापतं आणि तापलं की त्याचं सगळंच भराभर होतं, वाढणं, उडणं, अंडी घालणं, म्हातारं होणं आणि मरणं. गारव्यात तेच सगळं सावकाश चालतं. चूल मंद ठेवली की तेवढंच सरपण जास्त वेळ पुरतं, तसं.

द्वारकेचं विचारलंस. मागच्या आठवड्यात ती भर दुपारी अनवाणी घराबाहेर पडली. कडी काढल्याचं मला ऐकू आलं नाही. गुलमोहर रोडवर एका रिक्षावाल्याने ओळखलं आणि घरी आणून सोडलं, तळपायांना फोड आले होते. दिवसभर ती खोल्याखोल्यांतून फिरते, कपाटं उघडते, कुणाला तरी शोधते. दिवेलागणीला मला विचारते, "ते आले का?" ते म्हणजे मी. मी समोरच बसलेला असतो. मी म्हणतो, "आले." मग ती जेवते, तेही माझ्या हातून. साळूबाई इतकी वर्षं आमच्याकडे कामाला आहे, पण तिने घास धरला की द्वारका तोंड घट्ट मिटून घेते.

माझ्या हृदयाची एक झडप आकसली आहे असं डॉक्टर म्हणतात. या वयात कापाकापी मी करून घेणार नाही. आम्हाला मूलबाळ नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. इंदू, माझ्यामागे हिला कोण भरवणार, याबद्दल एकदा तुझ्याशी बोलायचं आहे.

पेन तिच्या हातात दिलं होतं. तिने ते पदरात बांधून ठेवलं.

मार्तंड

*

बेलापूर
२१ एप्रिल

दादा,

तुझ्या पत्रातलं ते शेवटचं मी वाचलंच नाही असं समज. शुभ बोल रे! आई काय सांगायची? वास्तुपुरुष घरातून तथास्तु म्हणत फिरत असतो, भरल्या घरात असलं तोंडातून काढू नये. तू तर कागदावर काढलंस. तुझ्या झडपेला काहीही होत नाही. आपले अण्णा नव्वदीपर्यंत सायकलवर देवळात जायचे. पुन्हा असलं अभद्र लिहिलंस तर पत्र न उघडता सुश्रुतच्या हाती परत पाठवीन.

वहिनीच्या पायांना कैलासजीवन लाव आणि कडीला कुलूप घाल.

इकडे आम्ही भाजून निघतोय. पारा बेचाळिसावर. तुम्ही दोघं मात्र महाबळेश्वरी! नशीब काढलंत. खरं सांगते, मला हेवा वाटला. सुश्रुतने आणखी एक उद्योग वाढवलाय. एक दिवसाची पिल्लं आणलीत, पिवळीधमक, मुठीत मावतील एवढी. एवढ्या उन्हाळ्यातही त्यांना रात्री पिवळे बल्ब लावून ऊब द्यावी लागते, म्हणजे बघ. माझी खुर्ची शेडच्या दारात ठेवून मला राखणीला बसवलंय. बल्बखाली गर्दी करतात, एकमेकांच्या अंगावर चढतात आणि चिवचिव करून डोकं उठवतात. तुझ्या चिलटांपेक्षा बरी, निदान आवाज तरी करतात.

सोबत पन्ह्याची बाटली देते आहे. वहिनीला गूळ घातलेलं आवडतं.

इंदू

*

सावेडी
२८ एप्रिल

इंदू,

पन्हं मिळालं. त्या विषयावर तू लिहू नको म्हणतेस, तर लिहीत नाही. ज्याचं त्याने बघावं हेच खरं.

चिलटांची बातमी उत्तम आहे. माळ्यावरची सगळी मेली. बैठकीच्या खोलीतली निम्मीही उरलेली नाहीत, उरलीत त्यांचे पंख फाटलेत. एसीच्या खोलीतली जवळजवळ सगळी शाबूत! उडत फारशी नाहीत, बाटलीच्या काचेला चिकटून बसलेली असतात, पण जिवंत आहेत. मी रोज सकाळी भिंगातून बघतो. इतका आनंद मला नोकरीत असताना कधी झाला नव्हता.

तू म्हणशील, चिलटाचं काय घेऊन बसलास. पण परदेशात काही उंदरांच्या मेंदूत फेरफार करून त्यांच्या अंगाची ऊब अर्ध्या अंशाने उतरवली, तर ते इतरांपेक्षा पुष्कळ जास्त जगले. उंदीर तर तुझ्यामाझ्यासारखे उष्ण रक्ताचे. तेव्हा मी आता पूर्ण वेळ त्या खोलीतच बसतो. अठरावर ठेवतो. द्वारका मला सोडून बसत नाही, त्यामुळे तीही तिथेच.

आणि तुला आश्चर्य वाटेल, तिला ते मानवलं आहे. पहिले काही दिवस कुडकुडली, दार ठोठावलं. आता फिरणं बंद, कपाटं उघडणं बंद. पलंगावर शांत पडून असते. गेल्या चार वर्षांत मी दुपारची झोप घेतली नव्हती, ती परवा घेतली. जागा झालो तर ती तशीच, मी निजताना होती तशीच. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

साळूबाई मात्र काम सोडून गेली. "सर, ह्या फ्रिजात माझ्यानं काम न्हाई व्हायचं. माझं गुडघं लई धरत्यात. बाईंची बी काही दशा बघा," असं बरंच काही बोलत होती, मला निम्मंच कळलं. तिचं चुकत नाही. प्रत्येकाला थंडी सोसते असं नाही. स्वयंपाकाचं मी बघतो. खिचडी येते मला.

मार्तंड

*

बेलापूर
५ मे

दादा,

आज पत्र लिहायला मन लागत नाहीये, पण उद्या मंगळवार.

शुक्रवारी संध्याकाळी वादळ आलं, गारा पडल्या आणि रात्रभर वीज गेली. शेडमधले बल्ब बंद. सुश्रुत श्रीरामपूरला अडकला होता, झाडं पडून रस्ता बंद होता. मी खुर्चीत, पाय पुढे पसरलेला, हातात टॉर्च. पिल्लांनी आधी केवढा कालवा केला! ओलसर वारा आत येत होता आणि ती एकमेकांखाली शिरत होती. मी जागेवरून त्यांच्यावर गोणपाट फेकायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यातच पडला. मग हळूहळू ती गप्प झाली. मला बरं वाटलं रे. म्हटलं, निजली बिचारी. मीही डोळे मिटले.

सुश्रुत आला आणि त्याने ढिगाखाली हात घातला. मला म्हणाला, "आई, ही निजलेली नाहीत." सगळी मेलेलीही नव्हती, पण गार पडली होती, मान धरवत नव्हती, डोळे अर्धे मिटलेले. जी वाचवता आली ती आम्ही स्वयंपाकघरात शेगडीजवळ टोपलीत घेतली, काही मी शालीखाली छातीशी धरून बसले. निम्म्याच्या वर गेली. माझ्यासमोर गेली आणि मी म्हणत होते, निजली.

असो. सुश्रुतचं एक म्हणणं आहे. तो म्हणतो, मामा हल्ली आत घेत नाहीत. फाटकाच्या जाळीतून पत्र आणि अंडी घेतात, पुढचं पत्र देतात आणि "थंडी बाहेर जाते" म्हणून दार लावून घेतात. अरे, तो तुझा भाचा आहे, दूधवाला नाही. मामी दिसली नाही म्हणून त्याला वाईट वाटलं. तुम्ही दोघं बरे आहात ना? वहिनी काय बोलते, काय खाते, ते लिही. चिलटांचं नको.

इंदू

*

सावेडी
१२ मे

प्रिय इंदू,

पिल्लांचं वाईट वाटलं. पण त्यात तुझा दोष नाही. कोवळ्या पिल्लाला स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही, बाहेरची लागते. तो वेगळा मुद्दा आहे. त्यावरून आमची काळजी करू नकोस.

अक्षर वाकडं आलं असेल तर समजून घे, बोटं आखडतात. आता मी सोळावर ठेवतो, त्याखाली यंत्र जात नाही. बैठकीच्या खोलीतली चिलटं संपली. थंड खोलीतली अजून आहेत.

द्वारकेचं सविस्तर विचारलंस, तर ऐक. आता ती अजिबात कुडकुडत नाही. सवय झाली. दिवसाचा बराच वेळ झोपूनच असते, हाक मारली तर डोळे उघडते, पण थोडा वेळ लागतो. शब्द जरा जड येतात, जिभेवर खडीसाखर ठेवल्यासारखे. तीन-चार घासांत पोट भरतं. काल तिच्या पोटावर हात ठेवला तर तेही गार लागलं, म्हणजे शरीराने नवी चाल धरली असं मी समजतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तीन दिवस झाले, तिने "ते आले का" हे विचारलेलं नाही. तिची ती तगमग एकदाची संपली.

आता तुला खरं सांगतो. तू रागावशील, पण कागदावर रागावलेलं मला ऐकू येत नाही. ही सगळी खटपट मी जास्त जगायच्या हौसेने करत नाही. मला द्वारकेनंतर एक दिवस हवा आहे. फक्त एक. तिला शेवटचा घास भरवून झाला की मी जायला मोकळा. झडप सांगते की तेवढं जमणार नाही. चिलटं सांगतात की जमेल. तू तो विषय बोलू दिला नाहीस, म्हणून मी माझा मार्ग काढला.

आज तिच्या हातात पुन्हा पेन दिलं. ते बोटांतून गळून पडलं.

मार्तंड

*

बेलापूर
१३ मे, दुपार

दादा,

हे वाचायच्या आधी एसी बंद कर. उठ. बंद कर आणि मग पुढे वाच.

सुश्रुत तुझ्यासमोर उभा आहे. तुझं पत्र घेऊन तो तासापूर्वी घरी आला आणि मी वाचून त्याला तसाच उलट्या पावली पाठवला आहे. तोंडाने सांगितलेलं तुला कळायचं नाही आणि तू वाद घालत बसशील, म्हणून मोठ्या अक्षरात लिहून देते. १०८ला फोन केला आहे. गाडी येईल. फाटक उघडं ठेव. सुश्रुतच्या मित्राला, डॉक्टरला, विचारून पुढचं लिहिते आहे.

वहिनी शांत झालेली नाही. ती गार पडली आहे.

आधी कुडकुडली, मग थांबली. जीभ जड. डोळे उघडायला वेळ. पोट गार. हातातून पेन पडलं. दादा, हे माझ्या समोर झालंय, त्या वादळाच्या रात्री, शेडमध्ये! मी म्हणाले, निजली बिचारी. तूही तेच म्हणतोयस.

तिच्या अंगावरचं लुगडं दमट असेल तर बदल. कोरडी रजई, डोक्यावरूनही. पलंगावर तिच्या शेजारी निज, तुझी ऊब तिला लागू दे, तुझ्यात उरली असेल तेवढी. हातपाय चोळू नकोस. गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नकोस. चहा तोंडात ओतू नकोस, ती नीट जागी नाही, ठसका लागेल. तिला धरून उभं करू नकोस. आडवीच राहू दे आणि गाडीत आडवीच ने.

तूच मला शिकवलं होतंस, मी सातवीत होते. सरडा उन्हाला बसतो, कारण त्याच्या आत शेगडी नसते, आणि माणसाच्या आत असते, म्हणून तो सदरा घालतो. तुझी चिलटं सरड्यांतली. त्यांना गारव्यात ठेवलं तर ती मंद जळतात. माणसाला गारव्यात ठेवलं तर त्याची शेगडी ऊब धरायला दुप्पट जळते आणि सरपण संपलं की विझते. तुझ्या त्या उंदरांच्या आतलीच आच कमी केली होती, त्यांना कुणी बर्फात नेऊन ठेवलं नव्हतं. हे मला कळतं आणि तुला कळत नाही असं कसं होईल? कोवळ्या पिल्लाला ऊब धरता येत नाही, हे कालच्याच पत्रात तू लिहिलंस. मग चौऱ्याहत्तर वर्षांच्या, मूठभर उरलेल्या बाईला कशी धरता येईल?

वाद नंतर घाल. मी तुझ्याशी जन्मभर वाद घालायला तयार आहे. आधी गाडीत बस.

इंदू

*

नगर, दवाखान्यातून
२२ मे

इंदू,

ती वाचली. हे पहिलं लिहितो, कारण सुश्रुत तुला रोज फोनवर सांगत असला तरी माझ्या हातून तुला कळावं असं वाटतं.

सुश्रुतने तुझा कागद जाळीतून माझ्या तोंडासमोर धरला. पहिली ओळ वाचून मला राग आला. मग खाली नजर गेली, "ती गार पडली आहे", आणि मी आत पळालो. मी पळालो, इंदू! माझ्या झडपेने त्या दिवशी काही कुरकूर केली नाही. एसी बंद करायचा रिमोट मला सापडेना, मी भिंतीवरचं बटणच खाली ओढलं. तुझा कागद रजईवर ठेवून एकेक ओळ वाचत मी सगळं केलं, पोरं प्रयोगशाळेत पुस्तक बघून करतात तसं. तिच्याशेजारी निजलो तेव्हा कळलं की माझंही अंग गार आहे आणि तिला द्यायला माझ्याकडे फारसं काही नाही. मग सुश्रुत तिच्या दुसऱ्या बाजूला निजला. बेचाळीस वर्षांचा माणूस, मामीला कवेत घेऊन, घामाने निथळत. त्याच्याकडे ऊब होती.

इथल्या डॉक्टरीण बाईंनी तिचं तापमान घेतलं, सदतीस असायचं तिथे एकतीस अंश. आपला घरचा थर्मामीटर तितकं खालचं दाखवतच नाही. बाहेर त्या दिवशी एक्केचाळीस होतं. त्यांनी मला विचारलं, "आजोबा, नगरच्या मे महिन्यात हे झालं कसं?" ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. पण त्यांचे ओठ मला नीट वाचता आले.

दोन दिवस काही सांगता येत नव्हतं. नाडी मध्येच चुकायची. त्या दोन दिवसांत बाहेरच्या बाकावर बसून मी एकच हिशोब करत होतो. मला तिच्यानंतर एक दिवस हवा होता. मिळत होता. ती गेली असती तर माझा प्रयोग यशस्वी झाला असता. माझी इच्छा माझ्या डोळ्यांसमोर पुरी होत होती आणि मी देवाला, ज्याच्याशी माझं कॉलेजपासून पटत नाही, हात जोडून सांगत होतो की नको.

सगळं मला माहीत होतं, इंदू. तू लिहिलंस त्यातला शब्दन् शब्द मी तीस वर्षं फळ्यावर लिहिला आहे. पण ती फिरायची थांबली आणि मला झोप मिळाली. मला ती शांत झालेली हवी होती, म्हणून ती शांत झाली असं मी मानलं. याची मला लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने डोळे उघडले, हात सोडवून घेतला, सलाईनची नळी ओढली आणि पलंगावरून उतरायला निघाली. नर्सबाई धावल्या. मग माझ्याकडे रोखून बघत ती म्हणाली, "ते आले का?" मी यंत्र घातलं होतं, सुश्रुतने कपाटातून आणून दिलं होतं. तिचा आवाज मी किती दिवसांनी ऐकला. जरा चिडका आहे. मी म्हणालो, "आले." तिने सहा चमचे पेज घेतली.

काल घरी जाऊन आलो. चिलटांच्या बाटल्या अंगणात उन्हाच्या कडेला नेऊन तोंडाचे कापसाचे बोळे काढले. बराच वेळ बसून होती. मग अंग तापलं तशी एकेक उडाली. आता लवकर मरतील.

तो जुना विषय मी पुन्हा काढत नाही. तुला शब्द दिला आहे.

मार्तंड

*

बेलापूर
२६ मे

दादा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा रडले आणि एकदा तुला शिव्या दिल्या. शिव्या इथे लिहीत नाही, यंत्र घातलंयस तर आलास की तोंडानेच देईन.

चूक एकट्या तुझी नाही. तू मला सरळ विचारलं होतंस, माझ्यामागे हिला कोण भरवणार, आणि मी वास्तुपुरुषाला पुढे करून तुझं तोंड बंद केलं. बहीण बोलू देईना, म्हणून तू चिलटांना विचारत बसलास. आता मी सगळं अभद्र एकदम बोलून घेते. वास्तुपुरुषाला म्हणायचं तर म्हणू दे तथास्तु, माझी हरकत नाही.

तू आधी गेलास तर वहिनी माझी. ती आधी गेली तर तू माझा, आणि मग तुझी ती वातट खिचडी बंद. मी आधी गेले तर तुम्ही दोघं सुश्रुतचे. त्याला विचारलं. तो पिल्लांना पाणी ठेवत होता, मान वर न करता म्हणाला, "आई, त्यात विचारायचं काय?" विचारायचं होतं रे. आपण कुणीच विचारत नाही म्हणून हे होतं.

पण त्यासाठी तुम्ही आत्ता इकडे यायला हवं, नंतर नाही. वहिनी तुझ्याशिवाय कुणाच्या हातून खात नाही. तिला माझ्या हाताची सवय तू असताना व्हायला हवी. आधी तू घास धरायचा आणि मी शेजारी बसायचं. मग घास मी धरायचा आणि तू शेजारी बसायचं. साळूबाईने घास धरला तेव्हा तोंड मिटलं, माझ्यावेळीही मिटेल. मिटू दे. माझा पाय प्लास्टरमध्ये आहे, मी कुठे जाणार आहे? बसून राहीन. पुढच्या मंगळवारी सुश्रुत रिकामा टेम्पो घेऊन येईल, गादी टाकून. पडवीशेजारची खोली झाडून घेतली आहे, तिला दुपारपर्यंत ऊन असतं. ती फिरली तर फिरू दे, अंगणाला कुंपण आहे आणि कोंबड्या तिच्या मागे लागतील.

आणि तू गेल्यावर काय, हेही लिहून टाकते, म्हणजे तुझ्या मनात राहायला नको. रोज दिवेलागणीला ती मला विचारेल, "ते आले का?" मी म्हणेन, "निघालेत, वाटेत आहेत. तोवर तुम्ही दोन घास खाऊन घ्या." आणि ती खाईल.

इंदू